युरोपची सहल: स्थलदर्शनाचे पास घ्यावेत का, आणि पैसे कसे न्यावेत?

युरोपला प्रथमच जाणाऱ्या भारतीय कुटुंबांच्या यादीत पॅरिस आणि स्वित्झर्लंड ही नावे बहुधा अग्रस्थानी असतात. व्हिसा, विमानाची तिकिटे आणि हॉटेलचे आरक्षण झाले की दोन प्रश्न उरतात. प्रेक्षणीय स्थळांसाठी एकत्रित पास घ्यावा की प्रत्येक ठिकाणचे तिकीट स्वतंत्रपणे काढावे? आणि तेथील खर्चासाठी पैसे कोणत्या स्वरूपात न्यावेत? अनेक वर्षांच्या बचतीतून घडणाऱ्या सहलीत हे निर्णय घाईने घेतले गेल्यास पास हाती असूनही संग्रहालयाच्या दारातून परतण्याची किंवा खात्यात रक्कम असूनही कार्ड न चालण्याची वेळ येते.

पास म्हणजे प्रवेशाची हमी नव्हे

पॅरिस म्युझियम पासवर पॅरिस आणि परिसरातील पन्नासहून अधिक संग्रहालये व स्मारके पाहता येतात. हा पास 48, 96 आणि 144 तासांसाठी मिळतो. पहिल्या ठिकाणी तो वापरला की तास मोजले जाऊ लागतात आणि मध्ये खंड पाडता येत नाही. लूव्र, व्हर्सायचा राजवाडा आणि सँत शापेल येथे पासधारकांनाही दिवस व वेळ आधी आरक्षित करावी लागते. आयफेल टॉवर या पासमध्ये समाविष्ट नाही आणि मेट्रोचा प्रवासही नाही. पास विकत घेतल्यानंतर या गोष्टी लक्षात आल्याने अनेकांचा हिरमोड होतो.

साप्ताहिक सुट्यांचा हिशेबही तितकाच महत्त्वाचा आहे. लूव्र मंगळवारी बंद असते, तर ओर्से संग्रहालय आणि व्हर्साय सोमवारी. 48 तासांचा पास सोमवारी सकाळी सुरू केला, तर पहिला दिवस ओर्से आणि व्हर्सायविना आणि दुसरा लूव्रविना जातो. तोच पास बुधवारी सुरू केल्यास ही अडचण येत नाही. शिवाय बुधवारी आणि शुक्रवारी लूव्र रात्री नऊपर्यंत खुले असते.

दरांच्या बाबतीत भारतीय पर्यटकांनी एका बदलाची नोंद घ्यावयास हवी. लूव्रचे तिकीट जानेवारी 2024 मध्ये 17 युरोवरून 22 युरो झाले. त्यानंतर जानेवारी 2026 पासून युरोपीय आर्थिक क्षेत्राबाहेरून येणाऱ्या प्रौढांसाठी ते 32 युरो करण्यात आले आहे. त्यामुळे जुन्या प्रवासपुस्तकांतील आकडेमोड आता उपयोगाची नाही. मात्र अठरा वर्षांखालील मुलांना, ती कोणत्याही देशाची असली तरी, लूव्र, ओर्से आणि इतर राष्ट्रीय संग्रहालयांत प्रवेश विनामूल्य आहे. आईवडील आणि दोन शाळकरी मुले अशा कुटुंबाने चार पास घेण्याचे कारण नाही, दोन पुरेसे होतात. मुलांसाठी लूव्रची वेळ मात्र विनाशुल्क आरक्षित करून ठेवावी लागते.

हिशेब कसा करावा?

याची पद्धत सोपी आहे. प्रथम खरोखर पाहावयाची ठिकाणे कागदावर लिहावीत. त्यांपैकी पासमध्ये नसलेली ठिकाणे वगळावीत. उरलेल्या ठिकाणांच्या तिकिटांची बेरीज अधिकृत संकेतस्थळांवरील चालू दरांनी करावी आणि ती पासच्या किमतीशी ताडून पाहावी. एका दिवसात दोन मोठ्या संग्रहालयांहून अधिक पाहणे बहुतेकांना झेपत नाही. लहान मुले किंवा ज्येष्ठ नागरिक बरोबर असतील तर एकच पुरे होते. त्यामुळे बेरीज करताना जाहिरातीतील संख्या धरू नये, आपल्या पायांची ताकद धरावी.

इतर शहरांतही हेच तत्त्व लागू पडते. रोमच्या रोमा पासमध्ये शहरातील सार्वजनिक वाहतूक येते, परंतु व्हॅटिकनची संग्रहालये येत नाहीत आणि कलोसियमसाठी वेळ स्वतंत्रपणे ठरवावी लागते. अ‍ॅमस्टरडॅमच्या सिटी कार्डवर राइक्स संग्रहालय पाहता येते, अ‍ॅन फ्रँकचे घर मात्र नाही. त्या घराची तिकिटे केवळ ऑनलाइन मिळतात. दर मंगळवारी सहा आठवड्यांनंतरच्या भेटीची तिकिटे खुली होतात.

स्वित्झर्लंडमधील निवड

स्वित्झर्लंडमध्ये प्रवासखर्चच मोठा असल्याने तेथील गणित वेगळे आहे. स्विस ट्रॅव्हल पास 3, 4, 6, 8 किंवा 15 दिवसांसाठी मिळतो. त्यावर रेल्वे, बस आणि बोटीने प्रवास करता येतो, तसेच पाचशेहून अधिक संग्रहालये पाहता येतात. रिगी पर्वतावरील प्रवासही त्यात येतो. परंतु युंगफ्राउयोखच्या रेल्वेवर या पासधारकांना ग्रिंडेलवाल्ड किंवा वेंगेनपासून पुढे केवळ 25 टक्के सवलत मिळते. हाफ फेअर कार्ड हा दुसरा पर्याय एक महिना चालतो आणि त्यावर बहुतेक प्रवास निम्म्या दरात होतो, युंगफ्राउयोखचाही. रोज नव्या गावी जाणाऱ्यांना पहिला पास सोयीचा, तर एकाच ठिकाणी मुक्काम करून एक-दोन शिखरे पाहणाऱ्यांना दुसरा किफायतशीर ठरू शकतो. सहा ते पंधरा वर्षांच्या मुलांना पालकांबरोबर स्विस फॅमिली कार्डावर मोफत प्रवास करता येतो. हे कार्ड पासबरोबर मागून घ्यावे लागते.

पैसे: तीन वाटे करावेत

सर्व रक्कम एकाच स्वरूपात नेणे धोक्याचे असते. थोडी रोकड, एक फॉरेक्स कार्ड आणि एक क्रेडिट कार्ड अशी विभागणी बहुतेकांना उपयुक्त ठरते.

भारतातून युरोपला जाताना एका व्यक्तीला एका प्रवासात 3,000 डॉलरच्या मूल्यापर्यंतच परकीय नोटा नेता येतात. रोकड घेताना लहान नोटा मागाव्यात. छोटी दुकाने, बाजार आणि सार्वजनिक स्वच्छतागृहे येथे सुटे पैसे लागतात. स्वित्झर्लंडचे चलन युरो नसून स्विस फ्रँक आहे, हे अनेकांच्या ध्यानात राहत नाही. तेथे बऱ्याच ठिकाणी युरो घेतले जातात, परंतु उरलेली रक्कम सहसा फ्रँकमध्ये परत मिळते आणि दरही दुकानदाराचा असतो.

फॉरेक्स कार्डात रक्कम भरताना विनिमयदर निश्चित होतो, हा त्याचा मोठा लाभ. मात्र केवळ युरो भरलेले कार्ड स्वित्झर्लंडमध्ये वापरल्यास चलनबदलाचे वेगळे शुल्क पडते. म्हणून दोन्ही चलने त्यात भरून घ्यावीत. क्रेडिट कार्डावर बहुतेक बँका परकीय चलनातील खर्चासाठी दोन ते साडेतीन टक्के शुल्क आणि त्या शुल्कावर 18 टक्के जीएसटी आकारतात. एक लाख रुपयांच्या खर्चावर साडेतीन टक्के दराने 3,500 रुपये आणि करापोटी 630 रुपये, असे एकूण 4,130 रुपये अधिक जातात. तरीही हॉटेलच्या अनामत रकमेसाठी क्रेडिट कार्डच सोयीचे असते.

कार्डाने पैसे देताना यंत्रावर कधीकधी रक्कम रुपयांत घ्यावी की युरोत, असा प्रश्न येतो. रुपयांचा आकडा ओळखीचा वाटतो, परंतु त्यात यंत्रचालकाने ठरविलेला महागडा दर दडलेला असतो. अशा वेळी नेहमी स्थानिक चलनच निवडावे. एटीएममध्येही हाच नियम पाळावा.

फेब्रुवारी 2024 पासून आयफेल टॉवरची तिकिटे ऑनलाइन काढताना यूपीआयने पैसे देता येतात, आणि जुलै 2024 मध्ये पॅरिसच्या गॅलरी लाफायेत या प्रसिद्ध दालनातही ही सोय सुरू झाली. तथापि युरोपभर यूपीआय चालते असे समजून निघणे योग्य नाही.

निघण्यापूर्वी

रिझर्व्ह बँकेच्या 2020 मधील नियमानुसार नवी कार्डे आरंभी केवळ देशांतर्गत वापरासाठी खुली असतात. परदेशातील वापर आणि स्पर्शविरहित व्यवहार ग्राहकाने स्वतः बँकेच्या अ‍ॅपवरून सुरू करावयाचे असतात. प्रवासापूर्वी हे करून मर्यादा ठरवून घ्यावी, पिन पाठ करावा आणि दोन कार्डे दोन वेगळ्या बॅगांत ठेवावीत. कुटुंबातील किमान दोघांजवळ चालणारे कार्ड असावे. एकाचे पाकीट हरवले तरी सहल थांबत नाही.

पासची खरेदी मात्र सर्वांत शेवटी करावी. आधी लूव्र किंवा कलोसियमच्या वेळा उपलब्ध आहेत का ते पाहावे, त्यानुसार दिवस ठरवावेत आणि मगच पासचे पैसे भरावेत.