आधी ब्रेक, मग इंजिन

मे महिन्याच्या सुट्टीत पाटण तालुक्यातील एका बौद्धवस्तीत जाण्याचा योग आला. समाजमंदिराच्या मागे पोरांचा घोळका जमला होता. मध्ये गुडघ्याएवढी एक गाडी उभी होती. सायकलीचे पाइप कापून जोडलेला सांगाडा, भंगारातून आणलेली लहान चाके आणि जुन्या मोपेडचे इंजिन. किक मारताच इंजिन फटफटू लागले आणि पोरांनी एकच जल्लोष केला. आम्ही विचारले, “ब्रेक कुठाय रं?” गाडीवरच्या पोराने हसत पायातली चप्पल दाखवली, “हा की काका!”

हसू आले, पण समोरचा उतार पाहून पोटात गोळाही आला. कोयना आणि केरा नद्यांचा हा डोंगरी मुलूख. सपाट जागा थोडी, उतार फार आणि पावसाळ्यात सगळीकडे चिखल. दारात उभी असलेली त्या पोराची आई म्हणाली, “दादा, माझा एक रोज बुडला तर चालंल, पण ह्याचा पाय मोडला तर मी काय करू?” त्या माउलीच्या प्रश्नासाठी हा लेख.

पोरांना दटावण्याचा आमचा हेतू नाही. शेजारच्या सांगली जिल्ह्यात देवराष्ट्रे येथील दत्तात्रय लोहार यांनी भंगार आणि दुचाकीचे सुटे भाग वापरून सुमारे ६० हजार रुपयांत किकवर सुरू होणारी छोटी चारचाकी बनवली. २०२१ च्या अखेरीस ती देशभर गाजली. उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी तिच्या बदल्यात बोलेरो देऊ केली आणि जानेवारी २०२२ मध्ये ती लोहार कुटुंबाला मिळाली. मात्र ही गाडी नियमांत बसत नाही, तिला आज ना उद्या रस्त्यावर अडवले जाईल, हेही महिंद्रा यांनी तेव्हाच सांगितले होते. कौतुक आणि नियम दोन्ही ध्यानात ठेवावे.

आपल्याला तर याहून मोठा धडा मिळालेला आहे. १९२९ साली बाबासाहेब चाळीसगावला उतरले, तेव्हा एकही टांगेवाला अस्पृश्याला टांग्यातून न्यायला तयार होईना. शेवटी टांगा मिळाला, पण हाकायला टांगेवाला येईना. म्हणून आपल्यातल्याच एका माणसाने लगाम हाती घेतला. त्याला टांगा हाकता येत नव्हता. पुलावर चाक अडकले, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले, त्यांचा पाय मोडला. घोडा आणि टांगा नदीत कोसळले. मान राखण्याच्या भरात जीव धोक्यात घातला गेला, असे बाबासाहेबांनी पुढे आपल्या आठवणींत नोंदवले. हिंमत होती, माया होती, पण गाडी आवरण्याचे कसब नव्हते. आज आपल्या पोरांच्या हाती साधने आली आहेत. ते कसबही यायला हवे.

कोणता ब्रेक घ्यावा?

सायकलीचे रबरी ब्रेक इंजिनाच्या गाडीला पुरत नाहीत. रिम भिजली की ते घसरतात. पट्टा ब्रेक स्वस्त असतो. त्यात ड्रमच्या बाहेरून पट्टा आवळला जातो. पण तो एकाच दिशेने नीट धरतो. गाडी पुढे जाताना ड्रम ज्या दिशेने फिरतो, त्याच दिशेने वायरने पट्टा ओढला गेला पाहिजे. उलटा बसवला तर पकड फार कमी होते. शिवाय तो उघडा, त्यामुळे चिखलपाणी आत जाते. डिस्क ब्रेक उत्तम, पण चकती जराही वाकडी चालत नाही, आणि तेलावरचा असेल तर खर्चही वाढतो.

आमच्या मते आपल्या भागात ड्रम ब्रेक बरा. जुन्या स्कूटीसारख्या गाडीचे छोटे चाक ड्रम आणि प्लेटसकट भंगारात शोधावे. ब्रेक झाकलेला राहतो, लायनर कुठल्याही गॅरेजला मिळतात. चाक लहान असल्याने तेवढ्याच ड्रमची पकड जास्त लागते.

बसवताना काय पाहावे?

पहिली गोष्ट, ब्रेक मागच्या चाकावरच हवा. इंजिनाकडच्या दांड्यावर बसवला आणि चेन तुटली, तर ब्रेकही गेला. चेनचे चक्र ड्रमच्या विरुद्ध बाजूला लेथवाल्याकडून पक्के करून घ्यावे.

दुसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. ब्रेक दाबला की ड्रमबरोबर प्लेटही फिरू पाहते. तिला अडवणारी जाड लोखंडी पट्टी सांगाड्याला बोल्टने बांधलीच पाहिजे आणि बोल्टला स्प्लिट पिन हवी. ही पट्टी सुटली तर प्लेट गरगर फिरते, वायर तुटते, चाक जाम होते.

तिसरी गोष्ट वायरची. ती मोपेडची घ्यावी, कुठे मुरडू नये. ब्रेक पूर्ण दाबल्यावर प्लेटवरचा दांडा आणि वायर यांत साधारण काटकोन असावा. हाताच्या दांडीला थोडी ढील ठेवावी, नाहीतर लायनर घासत राहून तापतात.

लायनरला तेल किंवा ग्रीस लागले तर ते बदलावेत. जुन्या लायनरच्या भुकटीत अॅस्बेस्टॉस असू शकते. ती तोंडाने फुंकू नये, ओल्या फडक्याने पुसावी.

मग मागचे चाक उचलून फिरवून पाहावे. दाबताच थांबते का, सोडताच मोकळे होते का? त्यानंतर इंजिन बंद ठेवून गाडी ढकलून तपासावी. वेग दुप्पट झाला तर थांबायला चौपट अंतर लागते. ब्रेक दाबताना भार पुढे जातो आणि मागचे चाक घसरते, म्हणून नुसत्या मागच्या ब्रेकवर वेग कमीच ठेवावा. मोपेडच्या इंजिनाला आपोआप सुटणारा क्लच असतो. उतारावर इंजिन गाडीला धरत नाही, सारा भार ब्रेकवर येतो. तो तापला की धरेनासा होतो.

रस्त्यावर मात्र ही गाडी नेऊच नये. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर पालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हातावर पोट असलेल्या घराला हे परवडणारे नाही. सपाट मैदान, डोक्यावर हेल्मेट आणि जवळ एक मोठा माणूस, एवढे असेल तरच किक मारावी.

आम्ही निघालो तेव्हा पोरांनी इंजिन उतरवून बाजूला ठेवले होते. ड्रमचे चाक आणायला कोण जाणार, यावर त्यांचे भांडण चालले होते. आईबापांनो, असे भांडण तुमच्या दारात झाले तर रागावू नका. चाकाला लागणारे चार पैसे द्या आणि पहिला बोल्ट स्वतः आवळून पाहा.

जयभीम!