झिजण्यासाठीच घडवलेली चकती

महिनाभर गाडीचं एक लक्षण दिसत होतं. नागपुरात कामठी रोडच्या दुमजली उड्डाणपुलाचा चढ लागला की इंजिनाचा आवाज चढायचा, गाडीचा वेग मात्र तेवढाच राहायचा. मग सपाट, मोकळ्या जागी साधी चाचणी केली. हँडब्रेक घट्ट ओढला, चौथा गिअर टाकला आणि क्लच हळूहळू सोडला. क्लच धड असेल तर इंजिन गचका देऊन बंद पडतं. आमचं सुरूच राहिलं. शिवाय तिसरा गिअर पडताना खरखर होती. तेव्हा जरीपटक्यातल्या घराच्या अंगणात, डिसेंबरच्या उन्हात, क्लच आणि गिअरबॉक्स दोन्ही स्वतः बदलायचं ठरवलं.

इंजिन बंद पडू द्यायचं नसेल तर त्याला मिनिटाला साधारण 800 फेरे घ्यावेच लागतात. सिग्नलला उभ्या गाडीचं चाक तर स्थिर असतं. या दोघांची गाठ हळूच घालून देतो तो क्लच. इंजिनाच्या टोकाला जड फ्लायव्हील, त्याला बोल्टांनी जखडलेली प्रेशर प्लेट आणि दोन्हींच्या मध्ये दाबून धरलेली क्लच प्लेट, म्हणजे चकती. तिच्या दोन्ही अंगांना घर्षणाचं अस्तर असतं. पेडल दाबलं की रिलीज बेअरिंग प्रेशर प्लेटमधल्या स्प्रिंगच्या बोटांना रेटतं आणि पकड सुटते. पेडल सोडताना चकती आधी घसरते, मग धरते.

त्या घसरण्याचा हिशेब चकित करणारा आहे. सपाट रस्त्यावर इंजिनाचे फेरे कायम ठेवून उभी गाडी हलवली, तर गाडीला जितकी गतिज ऊर्जा मिळते, तितकीच ऊर्जा क्लचमध्ये उष्णता होते. क्लच सावकाश सोडा की झटकन, हा वाटा बदलत नाही. 1,000 किलोची गाडी ताशी 15 किलोमीटरला येईपर्यंत क्लच घसरला, तर सुमारे 8,700 ज्यूल उष्णता तयार होते. यातली निम्मी दोन किलोच्या लोखंडी प्रेशर प्लेटने घेतली असं धरलं, तर गाडी एकदा हलवताना ती जवळपास 5 अंशांनी तापते. ऑटोमोटिव्ह चौकाकडच्या गर्दीत ती निवायच्या आत पुन्हा क्लच, पुन्हा पहिला गिअर. फेरे दुप्पट ठेवून, घसरण ताशी 30 किलोमीटरपर्यंत लांबवली तर उष्णता चौपट. आणि चढावर हाफ क्लचवर गाडी धरून ठेवली, तर इंजिन क्लचला देतं ती सगळी ताकद उष्णताच होते. गाडी तसूभरही हलत नाही, अस्तर मात्र जळत जातं.

कामाला हात घालण्याआधी ओळखीच्या उस्तादांनी बजावलं होतं, ‘‘जॅक गाडी उचलाले असते भाऊ, तिच्याखाली झोपाले नाही.’’ म्हणून गाडी पक्क्या घोड्यांवर घेतली आणि हलवून पाहिली. बॅटरीची ऋण तार आधी काढली. गिअर ऑइल सोडलं, तेव्हा त्यात पितळेची बारीक चमक दिसली. खरखरीचं उत्तर तिथेच मिळालं. मग दोन्ही ड्राइव्ह शाफ्ट, क्लच केबल, गिअरचा दांडा, स्टार्टर काढला. इंजिनाला खालून आधार दिला, मगच माउंटिंग सोडलं आणि तिघांनी जॅकवर तोलत गिअरबॉक्स खाली घेतला. एकट्याने करण्याचं हे काम नाही.

प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे सैल केले. आतली काळी भुकटी हवा मारून उडवली नाही, ओल्या फडक्याने टिपली. जुन्या गाड्यांच्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असे आणि त्याची धूळ फुप्फुसांसाठी घातक आहे. चकती हातात घेतली तर अस्तर रिव्हेटपर्यंत झिजलेलं.

नवी चकती बसवताना सगळी परीक्षा मध्य साधण्याची. ती किंचित जरी बाजूला राहिली तर गिअरबॉक्सचा शाफ्ट तिच्या खाचांत शिरत नाही. शाफ्टच्या मापाच्या दांड्याने ती मधोमध धरून बोल्ट आवळले. अस्तराला ग्रीसचं बोटही लागू दिलं नाही. तेलकट अस्तर पकड सोडतं.

काढलेला गिअरबॉक्स नंतर उघडून पाहिला. प्रत्येक गिअरपाशी पितळी शंकूसारखं एक कडं होतं. गिअर टाकताना ते आधी घासून दोन्ही बाजूंचा वेग सारखा करतं, मगच दाते एकमेकांत बसतात. कॅडिलॅक कंपनीने 1928 मध्ये ही सोय मोटारीत आणली. त्याआधी वेग जुळवण्याचं कसब चालकाच्या हातापायांत लागे. म्हणजे हे कडंही एक छोटा क्लचच. तिसऱ्या गिअरचं कडं गुळगुळीत झालं होतं.

शाळेत घर्षण म्हणजे वाया जाणारी ऊर्जा असंच मनात बसलं होतं. मांडीवरची ती चकती पाहताना कळलं की ऊर्जा वाया जाते हे खरं, पण त्या मोबदल्यात इंजिन आणि दाते धक्क्यांपासून वाचतात. झीज कुठे व्हावी हे कारागिराने आधीच ठरवून ठेवलेलं असतं. ती किती लवकर व्हावी, हे आपला डावा पाय ठरवतो. आता सिग्नल लाल दिसला की मी गाडी न्यूट्रलला टाकतो आणि पाय पेडलवरून काढतो. चढावर गाडी हँडब्रेकवर धरतो.