जागा चौतीस, दावेदार किती?

मैदानामागचं गणित : लेखांक ६

बेसबॉलचा डाव कसा रंगतो, हे गेल्या आठवड्यात पाहिलं. आज त्याच्याही आधीचा प्रश्न : संघात जागा कुणाला मिळते?

लोधीखेड्याच्या पोरांना ही ओढाताण कबड्डीमुळे ठाऊक आहे. संघ बाराचा, मैदानात सात. सौंसरच्या कॉलेजातला पोरगा छिंदवाड्याच्या राजा शंकर शाह विद्यापीठाच्या संघासाठी निवड चाचणी देतो, तेव्हा तो चढाई किती चांगली करतो एवढंच बघून भागत नाही. दमदार चढाईपटू आधीच तीन असतील आणि डावा कोपरा रिकामा असेल, तर पकड करणारा आत जातो. निवड गुणांची असते, तशी गरजेचीही असते. अमेरिकेतल्या कॉलेज बेसबॉलमध्ये या गरजेचं पक्कं गणितच मांडलेलं असतं.

तिथल्या आंतरविद्यापीठ खेळांचा कारभार ‘एनसीएए’ ही संस्था पाहते. तिच्या पहिल्या श्रेणीत सुमारे ३०० विद्यापीठांचे बेसबॉल संघ आहेत. मैदानात नऊच जण, मग संघ तिसाच्या वर कशाला? कारण गोलंदाज, म्हणजे पिचर. फेब्रुवारी ते मे या हंगामात ५६ पर्यंत सामने होतात. पूर्ण ताकदीनं चेंडू टाकलेल्या खांद्याला काही दिवस विश्रांती द्यावीच लागते. त्यामुळे संघाचा जवळपास अर्धा भाग पिचरांनीच भरतो आणि उरलेल्या जागांसाठी बाकी सगळे झगडतात.

जागा मिळाली म्हणजे फी माफ झाली, असंही नव्हतं. कित्येक वर्षं एका संघाला मिळून ११.७ शिष्यवृत्त्याच देता येत. प्रशिक्षक त्यांचे तुकडे करून वाटायचे. कुणाला अर्धी मिळे, कुणाला पाव, आणि काही जण घरच्या पैशावर खेळायचे.

२०२० मध्ये करोनानं हंगाम मध्येच बंद पाडला. वाया गेलेलं वर्ष खेळाडूंना परत देण्यात आलं, म्हणून शेवटच्या वर्षाची मुलं थांबली आणि नवीही दाखल झाली. आंबियाची फळं झाडावर असतानाच मृगाचा बहार धरावा, तशी गत झाली. त्याच वर्षी व्यावसायिक संघांची खेळाडू-निवड, म्हणजे ड्राफ्ट, ४० फेऱ्यांवरून ५ फेऱ्यांवर आली. २०२१ पासून ती २० फेऱ्यांची आहे. बाहेर पडायची वाट अरुंद झाली, तशी आतली गर्दी वाढली.

२०२१ मध्येच आणखी एक दार उघडलं. पूर्वी विद्यापीठ बदललं की बेसबॉलपटूला एक वर्ष बसून राहावं लागे. ती अट एका बदलीपुरती उठली. आता बारावीतून आलेल्या अठरा वर्षांच्या मुलाची गाठ दुसऱ्या विद्यापीठात तीन हंगाम काढून आलेल्या बाविशीच्या गड्याशी पडते. प्रशिक्षकाची नोकरी निकालावर टिकते, त्यामुळे तयार माणूस घेण्याकडेच त्याचा कल असतो.

मुळात प्रशिक्षकही जागांपेक्षा जास्त मुलांना होकार देतो. त्यातले कोण जुलैच्या ड्राफ्टमध्ये उचलले जातील, हे त्याला आधी कळत नाही. अंदाज चुकला की शरद ऋतूतल्या सरावात मुलं गळतात. त्यातली बरीच जण मग दोन वर्षांच्या सामुदायिक कॉलेजांत जातात. तिथं खेळायला मिळतं आणि ड्राफ्टसाठी तिसऱ्या वर्षापर्यंत थांबावंही लागत नाही.

खेळाडू आणि एनसीएए यांच्यातल्या खटल्यात ६ जून २०२५ रोजी न्यायालयानं मंजूर केलेल्या समझोत्यानं हिशोब पुन्हा बदलला. त्यात सामील झालेल्या विद्यापीठांना चौतीसही खेळाडूंना पूर्ण शिष्यवृत्ती देता येते, पण खेळाडू चौतीसच ठेवायचे. त्याआधीची मर्यादा ४० होती. पैशाचं दार मोठं झालं आणि संघाचं लहान. आधीपासून संघात असलेल्यांना विद्यापीठाची तयारी असेल तर सवलत मिळाली, पण पुढच्या पिढीत स्वखर्चानं येऊन जागा कमावणाऱ्याची पंचाईत सगळ्यात मोठी.

म्हणून तिथले जाणते पालक प्रशिक्षकाला “माझा मुलगा कसा खेळतो?” एवढंच विचारून थांबत नाहीत. “त्याच्या जागेवर आत्ता कोण आहे आणि तो कधी जाणार?” हेही विचारतात. आपल्याकडे निवड चाचणीला जाणाऱ्या पोरानंही हा प्रश्न आधी विचारून ठेवावा, आणि चढाईबरोबर कोपराही शिकून घ्यावा.

(पुढील लेखांकात : ड्राफ्टच्या वीस फेऱ्या)