अंध मुलांच्या शाळा आणि भाषेचा प्रश्न : आफ्रिकेतील काही उदाहरणे

अंध व निराधार मुलांचे शिक्षण हा विषय सामान्यतः समाजसेवेच्या किंवा शिक्षणशास्त्राच्या कक्षेत मोडतो. भाषाविज्ञानाच्या अभ्यासकाने त्यात लक्ष घालण्याचे कारण काय, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर सोपे आहे. डोळस मूल शाळेत येते तेव्हा त्याच्यासाठी लिपी आधीच सिद्ध असते. अंध मुलासाठी ती सिद्ध असेलच असे नाही; पुष्कळदा शाळा प्रथम उभी राहते आणि लिपी मागाहून ठरते. आफ्रिका खंडात हे गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत वारंवार घडले असून, तेथील धर्मादाय शाळांचा इतिहास हा काही अंशी लिपीनिर्मितीचाही इतिहास आहे.

या शाळांची परंपरा मिशनरी संस्थांपासून सुरू होते. दक्षिण आफ्रिकेत वूस्टर येथे डच रिफॉर्म्ड चर्चने १८८१ मध्ये मूकबधिर व अंध मुलांसाठी संस्था काढली. ती अर्थातच गोऱ्या मुलांपुरती होती. केप टाऊनजवळची अ‍ॅथलोन शाळा १९२७ ची. मिश्रवंशीय अंध मुलांना तोवर शाळेचे दार बंदच होते. या शाळेशी निगडित असलेले पाद्री आर्थर ब्लॅक्सॉल यांनी पत्नी फ्लॉरेन्स यांच्यासह १९३९ मध्ये जोहान्सबर्गच्या पश्चिमेस रूडपोर्ट येथे कृष्णवर्णीय अंधांसाठी संस्था उभारली आणि तिला 'एझेन्झेलेनी' हे नाव दिले. पूर्व आफ्रिकेत पहिली शाळा केनियातील थिका येथील. ती साल्व्हेशन आर्मीने १९४६ मध्ये स्थापन केली. दयाबुद्धीने काढलेली शाळा वर्णभेदाची चौकट मोडीत नाही, तिच्या आतच बहुधा जागा शोधते, हे या क्रमावरून दिसते. ब्लॅक्सॉल मात्र त्या चौकटीत फार काळ मावले नाहीत. बंदी घातलेल्या राजकीय पक्षांना पैसे पुरविल्याच्या आरोपावरून १९६३ मध्ये त्यांना अटक झाली. तेव्हा ते सत्तरीच्या घरात होते.

'एझेन्झेलेनी' या नावाची फोड करून पाहण्यासारखी आहे. न्गुनी भाषांत 'एन्झा' म्हणजे करणे. त्यास 'झि' हा आत्मवाचक उपसर्ग लागून 'झेन्झा', म्हणजे स्वतःस करणे. पुढे 'एल' हा प्रत्यय आला की 'साठी' हा अर्थ मिळतो : 'झेन्झेला', स्वतःसाठी स्वतः करणे. मग आरंभी 'ए' आणि शेवटी 'इनी' हे अधिकरणवाचक जोडले की अन्त्य 'आ'शी संधी होऊन 'एनी' होते. संपूर्ण शब्दाचा अर्थ 'जेथे माणूस स्वतःचे स्वतः करतो ते ठिकाण'. मराठीत ज्यासाठी एक लहानसे वाक्य खर्ची पडते ते तेथे एका शब्दात बसते. अशा संस्थांना दात्याचे किंवा संताचे नाव देण्याची रीत सर्वत्र आढळते. त्या मानाने हे नाव वेगळे. ते दात्याबद्दल काहीच सांगत नाही, जे काही सांगते ते तेथे राहणाऱ्याबद्दल.

नावांचा विषय निघालाच आहे, तर स्वाहिलीतील एक उदाहरण येथेच घेऊ. त्या भाषेत नामांचे वर्ग उपसर्गांवरून ठरतात. माणसांचा वर्ग 'म-/वा-' असा : 'म्टू' एक माणूस, 'वाटू' अनेक, 'म्टोटो' मूल, 'वाटोटो' मुले. वस्तूंचा एक मोठा वर्ग 'कि-/वि-' असा आहे : 'किटी' खुर्ची, 'विटी' खुर्च्या. (अरबीतून आलेल्या 'किताब'मधील 'कि' हादेखील उपसर्गच समजला जाऊन त्याचे अनेकवचन 'विटाबू' झाले, ही गोष्ट वर्गात सांगितली की विद्यार्थी कधी विसरत नाहीत.) आता अंध माणसाला शब्द आहे 'किपोफू', बहिऱ्याला 'किझिवी', लंगड्याला 'किवेटे'. म्हणजे ज्याच्या शरीरात काही उणे आहे तो माणसांच्या वर्गातून वस्तूंच्या वर्गात गेला, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो, आणि तो अनेकांनी काढलाही आहे. परंतु येथे थोडे थांबावयास हवे. 'किओंगोझी' म्हणजे पुढारी आणि 'किजाना' म्हणजे तरुण, हेही याच वर्गात आहेत. शिवाय 'किपोफू' हा कर्ता असता क्रियापद माणसाचे रूप घेते, वस्तूचे नव्हे. तेव्हा केवळ उपसर्गावरून तुच्छता सिद्ध होत नाही. असे असले तरी बोलणाऱ्यांच्या मनात तो उपसर्ग खटकू लागला आहे, हेही तितकेच खरे. अपंगासाठी पूर्वीच्या 'किलेमा'च्या जागी 'म्लेमावू', अनेकवचनी 'वालेमावू', असे माणसांच्या वर्गातले रूप रूढ झाले आहे, आणि अंधासाठी 'आसियेओना', म्हणजे 'जो पाहत नाही तो', असे म्हणण्याकडे कल आहे. आपल्याकडे पांगळ्या किंवा आंधळ्या माणसाविषयी सहज नपुसकलिंग वापरून 'ते आंधळं' म्हणणारे लोक प्रत्येकाने ऐकले असतील. तेथे तर क्रियापदही नपुसकलिंगीच येते. या बाबतीत स्वाहिलीचे व्याकरण आपल्याहून सभ्य म्हणावे लागेल.

आता मुख्य विषयाकडे, म्हणजे ब्रेल लिपीकडे वळू. लुई ब्रेल (१८०९–१८५२) याने योजलेल्या घरात सहा टिंबे असतात. त्यांच्या मांडणीतून ६३ चिन्हे मिळतात, याहून अधिक नाहीत. पाटीवर टोच्याने लिहिताना कागदाच्या मागील बाजूने टोचावे लागते, म्हणून मूल उजवीकडून डावीकडे, प्रत्येक अक्षर उलटे करून लिहिते आणि कागद पालटून डावीकडून उजवीकडे वाचते. हा सराव सहा-सात वर्षांच्या मुलाला होतो, तो आपणांस वाटतो तितका अवघड नाही. अवघड गोष्ट निराळी आहे. ६३ चिन्हे कोणत्या ध्वनींना द्यावयाची? मिशनरी शिक्षकांनी ज्याला जसे सुचले तसे ठरविले, आणि एकाच भाषेची मुले दोन शाळांत दोन पद्धती शिकू लागली. हा गोंधळ भारतातही होताच. तो दूर करण्यासाठी भारत सरकारने १९४९ मध्ये युनेस्कोला विनंती केली, आणि त्या विनंतीतूनच साऱ्या जगातील ब्रेल पद्धतींत मेळ घालण्याचे काम सुरू झाले. १९५० ची पॅरिस येथील परिषद, १९५१ ची बैरूत येथील परिषद, त्यातून आलेली भारती ब्रेल, हा क्रम आपल्यापैकी काहींना ठाऊक असेल. या कामाची धुरा वाहणारे सर क्लूथा मॅकेन्झी हे न्यूझीलंडचे. १९१५ मध्ये गॅलिपोलीच्या लढाईत त्यांची दृष्टी गेली होती, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांनी देहरादून येथे अंध भारतीय सैनिकांच्या पुनर्वसनाचे काम केले होते. समान ध्वनीला शक्यतो सर्व भाषांत समान चिन्ह, हे तत्त्व तेव्हा मान्य झाले. आफ्रिकी भाषांनाही ते लागू झाले.

स्वाहिलीला या तत्त्वाने काही अडचण आली नाही. तिचे रोमन लेखन उच्चारानुसारी आहे, स्वर पाचच आहेत आणि शब्दातील सुरांना अर्थभेदक मूल्य नाही. अम्हारिकचे वेगळे. इथिओपियाच्या लिपीत ३३ मूळ व्यंजने आणि प्रत्येकाची स्वरानुसार सात रूपे, म्हणजे २३१ अक्षरे होतात. ती ६३ चिन्हांत बसणे अशक्य. म्हणून अम्हारिक ब्रेलमध्ये अक्षराची फोड करून आधी व्यंजन व मग स्वर लिहितात. भारती ब्रेलमध्येही असेच आहे. डोळस मूल 'कि' लिहिताना ऱ्हस्व वेलांटी आधी काढते, अंध मूल 'क' आणि त्यानंतर 'इ' लिहिते, म्हणजे उच्चाराच्या क्रमानेच. वर्णविश्लेषण ही जी गोष्ट आपण पदव्युत्तर वर्गात शिकवितो, ती या मुलांच्या बोटांना पहिलीतच परिचयाची होते.

खरी कसोटी लागते ती योरुबासारख्या सुरांच्या भाषांत. 'इग्बा' या एकाच वर्णानुक्रमाचे सुरांच्या भेदाने किमान चार शब्द होतात : दोन्ही सूर मध्यम असतील तर 'दोनशे', मध्यम व उच्च असतील तर 'भोपळ्याचे भांडे', दोन्ही नीच असतील तर 'काळ, वेळ', मध्यम व नीच असतील तर 'ताडावर चढण्याचा दोर'. छापील योरुबात सूर अक्षराच्या डोक्यावर लहान रेघेने दाखवितात. डोळ्याला ती रेघ जागा अडवीत नाही. वाटल्यास डोळा तिच्याकडे दुर्लक्षही करतो. ब्रेलमध्ये डोक्यावर असे काही नसते. सुराचे चिन्ह द्यावयाचे तर त्याला स्वतंत्र घर द्यावे लागते, आणि बोटाला ते घर ओलांडून जाता येत नाही, स्पर्श करूनच पुढे जावे लागते. सर्व सूर लिहिले तर ओळ लांबते, वाचनाचा वेग मंदावतो, आणि आधीच जाडजूड असलेले ब्रेल पुस्तक आणखी जाड होते. न लिहिले तर वाचकाला संदर्भावरून तर्क करावा लागतो. डोळस योरुबा लेखकही दैनंदिन लेखनात सूर गाळतात, मग अंध मुलांकडून ते लिहून घेण्याचा आग्रह का, असे विचारले जाते. प्रस्तुत लेखकाचे मत असे की प्राथमिक वर्गांत तरी सूर लिहिले पाहिजेत. डोळस मुलाला गाळलेला सूर पुढे पाटीवर, फलकावर, चित्राखालील मजकुरात कोठे ना कोठे दिसून भरून निघतो. अंध मुलाच्या हाताखाली शाळेच्या पुस्तकांशिवाय दुसरे लेखन येतच नाही.

याला जोडूनच शाळेच्या भाषेचा प्रश्न येतो. धर्मादाय शाळा बहुधा निवासी असते, कारण अंध मुले गावोगाव विखुरलेली असतात. एका गावात असे मूल एखादेच. पन्नास गावांतून मुले एकत्र आली की एका वर्गात सात-आठ मातृभाषा सहज येतात. परिसराच्या भाषेतून आरंभीचे शिक्षण द्यावे हे धोरण गावातील शाळेला लागू पडते. निवासी शाळेला परिसरच नसतो. तेथे इंग्रजी किंवा स्वाहिली हीच सामायिक भाषा होते. त्यातही इंग्रजी ब्रेलमध्ये संक्षेपचिन्हे सुमारे १८०. 'अँड', 'द' यांसारखे शब्द एका घरात मावतात. तेच घर मातृभाषेच्या ब्रेलमध्ये निराळ्या ध्वनीला दिलेले असू शकते. सहा वर्षांचे मूल आईपासून दुरावते, त्याबरोबर भाषेपासूनही. जेथे हावभाव, ओठांची हालचाल, वस्तूंकडे बोट दाखविणे यांतले काहीच उपयोगी पडत नाही, तेथे नवी भाषा केवळ कानाने शिकावयाची.

म्हणूनच निवासी शाळा बंद करून मुलांना गावच्या शाळेतच घालावे असा विचार पुढे आला. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंग हक्क करारानंतर त्याला अधिकृत बळ मिळाले. २५ ऑक्टोबर २०२२ रोजी युगांडातील मुकोनो जिल्ह्यात अंधांच्या एका निवासी शाळेच्या वसतिगृहाला मध्यरात्रीनंतर आग लागून ११ जण मृत्युमुखी पडले, तेव्हा हा विचार बोलून दाखविणे आणखी सोपे झाले. तरीही दुसरी बाजू नजरेआड करता येत नाही. गावच्या शाळेत ब्रेल येणारा शिक्षक नसेल तर अंध मूल वर्गात बसते, ऐकते, घोकते आणि निरक्षर राहते. इथिओपियातील येत्नेबेर्श निगुसी यांची दृष्टी पाचव्या वर्षी गेली. शाशेमेने येथील कॅथलिक निवासी शाळेत त्या शिकल्या, पुढे कायद्याच्या पदवीधर झाल्या आणि २०१७ मध्ये त्यांना राइट लाइव्हलीहुड पुरस्कार मिळाला. आपल्या अंधत्वाकडे त्यांनी अनेकदा संधी म्हणून पाहिले आहे, आणि त्याच सर्वसमावेशक शिक्षणाच्या खंद्या पुरस्कर्त्या आहेत. निवासी शाळेने घडविलेली व्यक्ती निवासी शाळेपलीकडे पाहते, यात मला विसंगती दिसत नाही.

टांझानियात या शाळांवर आणखी एक ओझे पडले. वर्णहीनता असलेल्या, म्हणजे त्वचेत व केसांत रंगद्रव्य नसलेल्या मुलांवर अंधश्रद्धेपोटी प्राणघातक हल्ले होऊ लागले, तेव्हा शिन्यांगा येथील बुहांगिजासारख्या, अंधांसाठी असलेल्या केंद्रांत त्यांना आश्रय देण्यात आला. ही मुले अंध नव्हेत. त्यांची दृष्टी अधू असते, आणि मोठी अक्षरे किंवा भिंग मिळाल्यास ती छापील पुस्तक वाचू शकतात. परंतु अंधशाळेत ब्रेल शिकवितात, म्हणून अशी मुले ब्रेल शिकतात, आणि बोटांऐवजी डोळे कागदाशी नेऊन टिंबांच्या सावल्या वाचतात, असे आफ्रिकेतील अनेक शाळांत आढळून आले आहे. लिपीची निवड मुलाच्या गरजेवरून न होता इमारतीवरून झाली की असे होते.

पुस्तकांच्या दुर्भिक्षावर मोरोक्कोतील माराकेश येथे २०१३ मध्ये झालेल्या कराराने एक अडसर दूर केला : अंधांसाठी पुस्तकाचे रूपांतर करताना प्रकाशकाच्या अनुमतीची आवश्यकता राहिली नाही. या करारास सर्वप्रथम मान्यता देणारे राष्ट्र भारत होय (२०१४). आता ब्रेलबरोबर संगणकाकडून मजकूर वाचून घेण्याची सोय होत आहे आणि अनेक शाळांना ती स्वस्त वाटते. स्वाहिलीत ती चांगली चालते. योरुबात मात्र सुरांचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. सूर न लिहिलेला 'इग्बा' समोर आला की यंत्राने दोनशे म्हणावे, भांडे म्हणावे, वेळ म्हणावे की दोर? त्याला काहीतरी एक उच्चारावेच लागते, आणि ऐकणाऱ्या मुलापाशी बोट ठेवून पडताळून पाहण्यासारखे काही नसते.