रोज पुसलेल्या गाडीवर जाळी का दिसते?

काळ्या किंवा गडद निळ्या रंगाची, दोन-तीन वर्षं वापरलेली गाडी भर उन्हात नीट निरखून पाहा. सूर्याचं प्रतिबिंब जिथे पडतं, त्याच्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा दिसतात. मालकांचा समज असा, की कंपनीने रंगच हलका दिला, नाहीतर उन्हाने हे झालं. ऊन रंगाला बाधतं हे खरं, पण त्याने रंग फिका पडतो, रेषा उमटत नाहीत. रेषा बहुतेक वेळा रोज सकाळी बॉनेटवरून फिरणाऱ्या कोरड्या फडक्याने पडलेल्या असतात. पुसणाऱ्याने हात गोल फिरवला म्हणून त्या गोल दिसतात, हेही खरं नाही. ओरखडे सगळ्या दिशांना पडलेले असतात. प्रकाशाला आडवे असतील तेवढेच चमकतात, म्हणून वर्तुळाचा भास होतो.

आजच्या बहुतेक गाड्यांना रंगाच्या थरावर क्लिअर कोट नावाचा पारदर्शक थर असतो. आपण ज्याला रंगाची चकाकी म्हणतो ती याच थराची. त्याची जाडी साधारण ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसापेक्षाही कमी. उलट रस्त्यावरच्या धुळीत क्वार्ट्‌झचे कण असतात. मोह्‌सच्या कठिणता-मापनात क्वार्ट्‌झ ७ वर आहे, खिडकीची काच साडेपाचच्या आसपास. जो कण काचेवर ओरखडा काढतो, तो या पातळ थरावर फडक्याखाली दाबून फिरवला तर काय होणार? फडकं कितीही मऊ असो, ओरखडा त्यात अडकलेला कण काढतो. झटकणीचंही तेच.

इथेच सर्वांत मोठा गैरसमज आहे: धूळ रोज काढली नाही तर रंग खराब होतो. नुसती बसलेली कोरडी धूळ रंगाला फारसं काही करत नाही. ती घासली की इजा होते. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या गावात गाडी आठवडाभर धुळकट राहिली म्हणून जीव खाली-वर करायचं कारण नाही. काचा, आरसे आणि दिवे तेवढे ओल्या फडक्याने पुसा, कारण तो सुरक्षेचा प्रश्न आहे. मात्र पक्ष्यांची विष्ठा आणि झाडाचा चीक त्याच दिवशी काढायला हवा. विष्ठा तापलेल्या पत्र्यावर क्लिअर कोटमध्ये डाग कोरते. तीही खरवडू नका. ओलं फडकं काही मिनिटं ठेवून मऊ करा आणि उचलून घ्या.

धुवायला पाणी भरपूर लागतं, असंही मानलं जातं. नळी सतत सोडून ठेवली तर लागतंच. दोन बादल्या आणि मग वापरला तर ४०-५० लिटरमध्ये लहान गाडी नीट धुतली जाते. आधी नुसतं पाणी ओतून सुटी माती वाहून जाऊ द्यायची. या पायरीला घाई करू नये, कारण जो कण पाण्याने गेला तो हाताखाली येत नाही. मग एका बादलीत शाम्पूचं पाणी, दुसरीत साधं. मायक्रोफायबरचा हातमोजा शाम्पूत बुडवायचा, एक भाग हलक्या हाताने सरळ रेषेत धुवायचा आणि पुन्हा शाम्पूत घालण्याआधी साध्या पाण्यात खळबळायचा. सुरुवात छतापासून, शेवट दारांच्या खालच्या भागात. चाकांसाठी वेगळं फडकं, कारण तिथे ब्रेकची लोखंडी भुकटी असते. एकाच बादलीतल्या गढूळ पाण्यात तेच फडकं पिळून पिळून पूर्ण गाडी पुसणं म्हणजे काढलेली माती परत लावणं.

भांड्यांच्या लिक्विडने रंग उडतो, ही भीती मात्र अतिरंजित आहे. एखाद्या धुण्याने क्लिअर कोट विरघळत नाही. वॅक्सचा संरक्षक थर तेवढा उतरतो. कपड्यांची पावडर त्याहून वाईट, कारण तिच्यात धुण्याचा सोडा असतो आणि न विरघळलेले दाणे घासले जातात. चकाकीसाठी रॉकेलचा हात मारायची जुनी सवय तर सोडावीच. ती चकाकी तेलकट थराची असते. त्यावर धूळ चिकटते आणि दारांची रबरं खराब होतात.

उन्हात धुतली की लवकर वाळते, म्हणून दुपार निवडू नका. पाणी उडून जातं आणि त्यातले क्षार मागे राहतात. बोअरचं पाणी जड असेल तर पांढरे ठिपके पडतात, आणि ते तापलेल्या पत्र्यावर राहिले तर पॉलिशशिवाय निघत नाहीत. सावलीत, पत्रा गार असताना धुवा आणि जाड मायक्रोफायबर टॉवेल ठेवून पाणी टिपून घ्या. पावसाने भिजलेली गाडीही धुतलेली नसते. थेंब वाळले की त्यातली धूळ तिथेच बसते.

पॉलिशबद्दल एवढं लक्षात ठेवा, की ओरखडे ‘भरत’ नाहीत. पॉलिश क्लिअर कोटचा बारीक थर खरवडून पृष्ठभाग सपाट करतं, म्हणून ते वारंवार करायचं काम नव्हे. सिरॅमिक कोटिंग केलेली गाडीसुद्धा धुवावी लागते, आणि कोरडं फडकं तिलाही ओरखडे पाडतं.

सोसायटीत गाडी पुसणाऱ्या दादांशी बोलून व्यवस्था बदलता येते. पैसे तेवढेच द्यायचे, पण रोज कोरडं पुसण्याऐवजी आठवड्यातून दोनदा पाण्याने धुवून घ्यायची, आणि हातमोजा व टॉवेल आपले द्यायचे. ते घरी वेगळे धुवा, फॅब्रिक कंडिशनर न घालता, कारण त्याने मायक्रोफायबरची पाणी शोषण्याची ताकद जाते. जमिनीवर पडलेला टॉवेल पुन्हा धुतल्याशिवाय गाडीला लावायचा नाही.