सीनेमला शेजार चालत नाही

"सर, वेबसाइट छान उघडतेय. मेल मात्र येत नाहीत. म्हणजे नाशिकच्या पुरवठादाराचे येतात, बँकेचे येत नाहीत."

पुण्याजवळच्या एका छोट्या कारखान्यात हिशेब सांभाळणाऱ्या ताईंचा हा सोमवारचा फोन. काहींचे मेल येतात आणि काहींचे नाहीत असं कोणी सांगितलं, की मी मेल सर्व्हर बाजूला ठेवतो आणि आधी डीएनएस उघडतो. वेबसाइट हलवली का, असं विचारलं. "हो, शुक्रवारी. होस्टिंगवाल्यांनी एक ओळ घालायला सांगितली होती, ती घातली."

ही ओळ कुठे घातली असेल, याचा अंदाज आला होता. तरी अंदाजावर कधी काही बदलू नये. डिग ही कमांड यासाठी फार भरवशाची. आधी डोमेनचे नेमसर्व्हर कोणते ते विचारलं, मग मधला कुठलाही रिझॉल्व्हर न घेता थेट त्या नेमसर्व्हरलाच प्रश्न केले. मूळ डोमेनचा, म्हणजे पुढे डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू नसलेल्या नावाचा, ए रेकॉर्ड मागितला, तर उत्तरात सीनेम आला. त्याच नावाचा एमएक्स मागितला, तर मेल सर्व्हरचं बरोबर नाव आलं. दोन्ही उत्तरं एकाच नावावरची, आणि ती एकत्र असूच शकत नाहीत.

पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३मध्ये डीएनएसचा आराखडा मांडला. १९८७च्या आरएफसी १०३४मध्ये नियम स्पष्ट आहे: ज्या नावावर सीनेम आहे, त्या नावावर दुसरी कुठलीही माहिती नको. (पुढे डीएनएसेकच्या सह्यांसारख्या काही रेकॉर्डपुरती सूट मिळाली.) अनेकांना हा नियम जाचक वाटतो, मला तो अतिशय विचारपूर्वक केलेला वाटतो. ए रेकॉर्ड एका नावाचा पत्ता सांगतो, एमएक्स त्या नावाची टपाल कुठे द्यायची ते सांगतो. सीनेम यातलं काहीच सांगत नाही. या नावाला स्वतःचं काही नाही, जे विचारायचं ते त्या दुसऱ्या नावाला विचारा, एवढंच त्याचं म्हणणं. ते एका प्रकारच्या प्रश्नापुरतं नसतं, पूर्ण नावाला लागू असतं. म्हणून रिझॉल्व्हरला एकदा सीनेम मिळाला, की तो जपून ठेवून पुढच्या कुठल्याही प्रश्नाला वापरण्याची मुभा त्याला आहे. मूळ नेमसर्व्हरकडे परत जाऊन एमएक्स वेगळा आहे का, हे विचारायची गरज त्याला नाही.

नाशिक आणि बँक यांतला फरक इथून आला. ज्या रिझॉल्व्हरवरून कोणीतरी नुकतीच कारखान्याची वेबसाइट उघडली होती, त्याच्या कॅशेत सीनेम बसला होता. मेल पाठवताना एमएक्सचा प्रश्न आला, तर तो सीनेमच्या मागे होस्टिंगच्या नावावर गेला. तिथे एमएक्स नव्हता. अशा वेळी पाठवणारा सर्व्हर प्रमाणाप्रमाणे त्या नावाच्या आयपी पत्त्यावरच मेल द्यायला जातो. तिथे होता वेब सर्व्हर, २५ क्रमांकाचं पोर्ट बंद. मेल रांगेत पडून राहिला आणि पाठवणाऱ्याला लगेच काही कळलंही नाही. ज्या रिझॉल्व्हरने आधी एमएक्सच विचारला, त्याच्याकडून मेल नीट पोचला. कोण आधी काय विचारतो, यावर निकाल बदलत होता.

मूळ डोमेनवर तर सीनेम कधीच बसत नाही, कारण तिथे एसओए आणि एनएस हे रेकॉर्ड असावेच लागतात. बाइंडसारखा सर्व्हर अशी झोन फाइल घ्यायलाच नकार देतो, "सीनेम अँड अदर डेटा" अशी चूक दाखवून थांबतो. काही कंट्रोल पॅनेल मात्र निमूटपणे ती ओळ जतन करतात. नकार देणारा सर्व्हर माणसाचे दोन दिवस वाचवतो, असं माझं ठाम मत आहे.

उपाय अवघड नव्हता. मूळ डोमेनवरचा सीनेम काढला, तिथे होस्टिंगने दिलेले ए आणि एएएए रेकॉर्ड घातले. डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूवरचा सीनेम तसाच ठेवला, तिथे त्याच्या जोडीला काही नाही. होस्टिंगचा आयपी वरचेवर बदलत असेल, तर नेमसर्व्हरकडे एलिअस किंवा फ्लॅटनिंगची सोय आहे का पाहावं. त्यात नेमसर्व्हर स्वतः पत्ता शोधून ए रेकॉर्ड म्हणूनच उत्तर देतो, त्यामुळे एमएक्सला धक्का लागत नाही. २०२३च्या आरएफसी ९४६०मधला एचटीटीपीएस रेकॉर्डही मूळ डोमेनवर चालतो, पण तो विचारणाऱ्या ब्राउझरपुरताच. त्याच्या भरवशावर ए रेकॉर्ड काढू नये.

झोन उघडलाच होता, म्हणून तो पूर्ण वाचला. एसपीएफच्या दोन वेगळ्या टीएक्सटी ओळी सापडल्या, एक जुन्या मेलसेवेची, एक नव्या सेवेची. टीएक्सटी कितीही असू शकतात, पण एसपीएफ एका नावावर एकच लागतो; दोन दिसले की तपासणारा सर्व्हर दोन्ही बाद धरतो. त्यांची एक ओळ केली. तारांकित रेकॉर्डही होता, न नोंदलेल्या प्रत्येक नावाला वेबसाइटचा पत्ता देणारा. त्याबद्दल ताईंना बजावून सांगितलं: उद्या कोणी पडताळणीसाठी 'शॉप' या नावावर नुसती एक टीएक्सटी ओळ घातली, तरी 'शॉप' हे नाव अस्तित्वात आलं. मग तारांकित रेकॉर्ड त्याला लागू होत नाही आणि ते पान उघडेनासं होतं. इथे कुठेही चूक दाखवली जात नाही, म्हणून हा पेच सीनेमपेक्षा शोधायला कठीण.

"मग आता सगळ्यांना मेल परत पाठवायला सांगू का?" ताईंनी विचारलं. तशी गरज नव्हती. जुन्या सीनेमचा टीटीएल एक तासाचा होता. तेवढ्यात तो कॅशेतून जाणार होता. रांगेतल्या मेलसाठी प्रमाणात चार-पाच दिवस प्रयत्न करत राहण्याची शिफारस आहे, त्यामुळे शुक्रवारचे बहुतेक मेल आपोआप येणार होते. ज्यांना मेल परत आल्याची सूचना मिळाली असेल, तेवढ्यांनाच पुन्हा पाठवायला सांगा, असं मी म्हटलं. बँकेचे मेल दुपारी आले.