संथ खेळ आणि खोळंबलेला प्रेक्षक
(महाविद्यालयीन बास्केटबॉल व कबड्डी यांच्या कालनियमनाचा तुलनात्मक विचार)

खेळ रेंगाळतो, मध्येच तुटतो, पाहताना जीव कंटाळतो, अशी तक्रार प्रेक्षक करतात तेव्हा जाणकार मंडळी तिच्याकडे बहुधा दुर्लक्ष करतात. प्रेक्षकाला खेळातील बारकावे कळत नाहीत, त्याला केवळ धामधूम हवी असते, असे तिचे स्पष्टीकरण दिले जाते. अमेरिकेतील महाविद्यालयीन बास्केटबॉलविषयी ही तक्रार गेली अनेक दशके होत आली आहे, आणि आपल्याकडे कबड्डीविषयीही ती एकेकाळी होत असे. ह्या दोन खेळांच्या नियमांचा इतिहास तपासला असता असे दिसते की, प्रेक्षकाची तक्रार रुचीपेक्षा नियमरचनेशी अधिक निगडित असते. ज्या खेळात वाट पाहत बसणे संघाला फायद्याचे ठरते, तो खेळ प्रेक्षकाला कंटाळवाणा होतो. वाट पाहण्याला किंमत मोजावी लागली की कंटाळा ओसरतो. ह्या विधानाचे विवरण करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

संथपणा आणि खोळंबा

आरंभीच एक भेद स्पष्ट केला पाहिजे. संथपणा आणि खोळंबा ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पालघर जिल्ह्याच्या मोखाडा तालुक्यातील खोडाळ्यासारख्या गावाचे उदाहरण ह्या दृष्टीने उद्बोधक आहे. 2014 सालच्या 1 ऑगस्टपूर्वी हा सारा भाग ठाणे जिल्ह्यात मोडत असे. जव्हार-मोखाड्याच्या ह्या डोंगराळ मुलखात होळीनंतर बोहाड्याचे उत्सव होतात. देव, दानव आणि रामायण-महाभारतातील पात्रे यांची सोंगे मुखवटे लावून, वाद्यांच्या ठेक्यावर, एकामागून एक प्रेक्षकांसमोर येतात आणि हा क्रम रात्रभर चालतो. गती म्हणाल तर ती अत्यंत संथ. दोन सोंगांच्या मध्ये बराच काळ जातो. तरीही जमलेले लोक खोळंबा झाल्याची तक्रार करीत नाहीत. येणाऱ्या सोंगांचा क्रम त्यांना ठाऊक असतो, कोणते सोंग कोणत्या घराण्याकडे आहे हे माहीत असते, आणि मधला वेळ हा भेटीगाठींचा म्हणजे उत्सवाचाच भाग असतो. हे उत्सव ज्या दिवसांत होतात, त्या दिवसांचेही महत्त्व आहे. ह्या तालुक्यातील अनेक कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर व अन्य मजुरीसाठी बाहेर पडतात आणि होळीच्या सुमारास परततात. ज्यांच्या वाट्याला मोकळा वेळ इतका थोडा येतो, तेच लोक तो बोहाड्यासाठी रात्रभर आनंदाने देतात.

ह्यावरून असे म्हणता येईल की, कालावधी लांबल्यामुळे कोणी कंटाळत नाही. ज्या काळात काही घडणार नाही असे आधीच कळलेले असते, तो काळ कंटाळा आणतो. स्पर्धात्मक खेळात हा दोष विशेष तीव्रतेने जाणवतो. उत्सवाचा शेवट सर्वांना ठाऊक असतो, खेळाचा शेवट मात्र अनिश्चित असावा अशी अपेक्षा असते. ती अनिश्चितताच जर एखादा संघ मुद्दाम गोठवून ठेवू लागला, तर प्रेक्षक ज्यासाठी आला तेच त्याच्यापासून हिरावले जाते.

बास्केटबॉल : चेंडू ज्याच्या हाती, वेळ त्याच्या हाती

बास्केटबॉल हा खेळ जेम्स नेस्मिथ यांनी 1891 साली अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे निर्माण केला. मूळ नियमांत एक उणीव राहून गेली. चेंडू हाती असलेल्या संघाने तो किती वेळात टोपलीकडे फेकावा, ह्यावर काहीही बंधन नव्हते. आघाडीवर असलेल्या संघाने चेंडू आपापसात खेळवीत राहावे आणि घड्याळ संपू द्यावे, हे नियमाला धरूनच होते. 1950 सालच्या 22 नोव्हेंबर रोजी व्यावसायिक संघांच्या एका सामन्यात फोर्ट वेन पिस्टन्सने मिनियापोलिस लेकर्सचा 19 विरुद्ध 18 असा पराभव केला. शेवटच्या चतुर्थांशात दोन्ही संघांनी मिळून केवळ 4 गुण केले. प्रतिपक्षातील उंच व बलाढ्य जॉर्ज मायकन यांना निष्प्रभ करण्याचा तोच मार्ग फोर्ट वेनला दिसला होता. डावपेच म्हणून तो यशस्वी ठरला, परंतु तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकाच्या पदरी काय पडले, हा प्रश्न त्यानंतर टाळता येईना.

त्याचे उत्तर सिराक्यूज संघाचे मालक डॅनी बियासोन यांनी साध्या भागाकाराने काढले. चांगल्या, रंगलेल्या सामन्यात प्रत्येक संघ सुमारे 60 वेळा चेंडू टोपलीकडे फेकतो. म्हणजे दोघांचे मिळून 120 प्रयत्न होतात. सामना 48 मिनिटांचा, म्हणजे 2880 सेकंदांचा. 2880 ला 120 ने भागले असता 24 येतात. 1954-55 च्या हंगामापासून 24 सेकंदांच्या आत चेंडू फेकण्याचे बंधन आले, आणि संघामागे सरासरी गुण 79.5 वरून 93.1 वर गेले.

महाविद्यालयीन बास्केटबॉलने मात्र हा मार्ग धरण्यास तीस वर्षांहून अधिक काळ लावला. संयमाने चेंडू राखणे ही शिक्षकाने शिकविलेली विद्या आहे आणि दुबळ्या संघाला बलवान संघाशी झुंजण्याचे ते एकमेव साधन आहे, असा तेथील अनेक मार्गदर्शकांचा युक्तिवाद होता. तो अगदीच पोकळ म्हणता येणार नाही. परंतु हे साधन केवळ दुबळ्यांच्या हाती राहत नाही. 1982 साली अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात नॉर्थ कॅरोलिनाने व्हर्जिनियाला 47 विरुद्ध 45 असे हरविले. त्या सामन्याच्या उत्तरार्धात थोडी आघाडी मिळताच नॉर्थ कॅरोलिनाने चेंडू धरून ठेवला होता. हा संघ त्या वर्षी राष्ट्रीय विजेता ठरला. त्याला दुबळा कोण म्हणेल? अखेर पुरुषांच्या महाविद्यालयीन खेळात 1985-86 पासून 45 सेकंदांची, 1993-94 पासून 35 सेकंदांची आणि 2015-16 पासून 30 सेकंदांची मर्यादा आली. शेवटच्या बदलाला तसेच कारण होते. 2012-13 च्या हंगामात संघामागे सरासरी गुण सुमारे 67.5 पर्यंत उतरले होते, आणि इतकी नीचांकी सरासरी 1950 च्या दशकाच्या आरंभानंतर दिसली नव्हती.

एवढे होऊनही प्रेक्षकाची तक्रार मिटली नाही. त्याचे कारण असे की, खोळंब्याचा दुसरा उगम खेळाच्या बाहेर आहे. पुरुषांचा महाविद्यालयीन सामना प्रत्येकी 20 मिनिटांच्या दोन भागांत खेळला जातो. दूरचित्रवाणीवरून दाखविल्या जाणाऱ्या सामन्यात प्रत्येक भागात 16, 12, 8 आणि 4 मिनिटे उरली असता, त्यानंतर खेळ प्रथम थांबेल तेव्हा, जाहिरातींसाठी विश्रांती घेतली जाते. संघांनी मागितलेल्या विश्रांती, पंचांनी चित्रफीत पुन्हा पाहण्यात घालविलेला वेळ, आणि मागे पडलेल्या संघाने घड्याळ थांबावे म्हणून शेवटी मुद्दाम केलेले नियमभंग हे सर्व वेगळेच. परिणामी 40 मिनिटांचा खेळ दोन तासांवर जातो, आणि जो शेवटचा मिनिट सर्वांत उत्कट असावयास हवा तोच सर्वांत अधिक तुकड्यांत विभागला जातो. येथे वाट पाहण्याची किंमत कोणत्याही संघाला मोजावी लागत नाही. ती केवळ प्रेक्षक मोजतो.

कबड्डी : दमाचे घड्याळ

आता आपल्या खेळाकडे वळू. बास्केटबॉलला जे घड्याळ बाहेरून आणून बसवावे लागले, ते कबड्डीत मुळातच होते. चढाई करणाऱ्याने एका दमात, कबड्डीचा उच्चार अखंड ठेवून, प्रतिपक्षाच्या अंगणात जावयाचे आणि दम तुटण्यापूर्वी परतावयाचे. मनुष्याचा श्वास हीच कालमर्यादा होय. ह्या घड्याळाला विजेची किंवा फलकाची गरज नाही, आणि ते बरोबर चालले आहे की नाही हे मैदानाभोवती उभा असलेला प्रत्येक जण आपल्या कानाने तपासू शकतो.

बाद झालेल्या खेळाडूचे काय करावयाचे, ह्याविषयीच्या जुन्या पद्धतीही काळाच्या दृष्टीने पाहण्यासारख्या आहेत. गामिनी पद्धतीत सारा संघ बाद होईपर्यंत बाद खेळाडू बाहेर बसून राही. अमर पद्धतीत तो बाहेर जातच नसे, केवळ गुणाची नोंद होई. संजीवनी पद्धतीत प्रतिपक्षाचा गडी बाद झाला की आपला एक गडी जिवंत होऊन आत येतो. संघटित स्पर्धांसाठी पुढे संजीवनी पद्धत रूढ झाली, हे योग्यच झाले. गामिनीत गडी गमावण्याची शिक्षा फार लांबते आणि अमरमध्ये ती डोळ्यांना दिसतच नाही. संजीवनीत प्रत्येक चढाईनंतर मैदानावरील बळाबळ बदलते आणि पुढील चढाईला नवा अर्थ येतो.

असे असूनही कबड्डीत खोळंबा शिरलाच. दम हा एका चढाईला मर्यादा घालतो, चढायांच्या मालिकेला घालीत नाही. निदान रेषा ओलांडावयाची, कोणालाही स्पर्श न करता परतावयाचे, आणि ह्यात गुण मिळाला नाही तरी काही गमवावेही लागत नाही, अशी ही पळवाट होती. आघाडीवर असलेला संघ शेवटची काही मिनिटे अशा निष्फळ चढायांत सहज घालवी. दम टिकला होता, नियम पाळला होता, आणि तरीही खेळ थांबलेला होता. बास्केटबॉलमधील चेंडू धरून ठेवण्याचा आणि ह्याचा प्रकार एकच आहे.

2014 साली सुरू झालेल्या प्रो कबड्डी लीगमुळे घरोघरी परिचित झालेला तिसऱ्या चढाईचा नियम हे ह्यावरील उत्तर आहे. संघाच्या लागोपाठ दोन चढाया निष्फळ झाल्या, तर तिसऱ्या चढाईत गुण मिळवावाच लागतो. न मिळाल्यास चढाई करणारा बाद होतो आणि प्रतिपक्षाला गुण मिळतो. ह्याचा हिशेब बियासोन यांच्या भागाकाराशी ताडून पाहण्यासारखा आहे. 20 मिनिटांच्या दोन भागांचे 2400 सेकंद होतात. एका चढाईला अधिकात अधिक 30 सेकंद धरले तर निदान 80 चढाया, म्हणजे प्रत्येक संघाला 40 चढाया मिळतात. त्या 40 पैकी कमीत कमी 13 चढायांत कोणाच्या तरी खात्यावर गुण पडलाच पाहिजे. मैदानात तीन किंवा त्याहून कमी गडी उरले असता यशस्वी पकडीला एक अधिक गुण देणारा अव्वल पकडीचा नियमही ह्याच जातीचा आहे. त्यामुळे दुर्बळ झालेल्या बाजूलाही वाट पाहण्यापेक्षा धाडस करणे फायद्याचे ठरते. अमेरिकन मार्गदर्शकांना दुबळ्या संघाचे हित राखावयाचे होते. ते खेळ न थांबविताही कसे राखता येते, हे येथे दिसते.

मांडणीचा प्रश्न

नियमांनी साधलेली ही गती प्रेक्षकापर्यंत पोचते ती मांडणीच्या द्वारे. ह्या बाबतीत कबड्डीला एक नैसर्गिक लाभ आहे. अर्ध्या मिनिटाची चढाई हा स्वयंपूर्ण प्रसंग असतो. त्याला आरंभ, मध्य आणि अंत असतो, आणि तो मध्येच तोडणे कोणाला परवडत नाही. तथापि दूरचित्रवाणीच्या मांडणीने काही हिरावलेही आहे. मोठ्या आवाजाच्या संगीतात आणि निवेदनात खेळाडूचा दम ऐकू येईनासा होतो, आणि प्रेक्षक कानाऐवजी पडद्यावरील आकड्यांवर विसंबतो. जो प्रेक्षक एकेकाळी पंचाचा निर्णय स्वतः पडताळून पाहत होता, तो आता केवळ निर्णय ऐकणारा होतो.

ह्या विवेचनाचा विद्यापीठीय क्रीडास्पर्धांशी निकटचा संबंध आहे. पालघर जिल्हा मुंबई विद्यापीठाच्या क्षेत्रात येतो. मुंबई शहरातील सुसज्ज महाविद्यालयात आणि खोडाळ्यासारख्या गावातून आलेले विद्यार्थी जेथे शिकतात अशा महाविद्यालयात साधनांचे अंतर मोठे आहे. खेळ आकर्षक करावयाचा म्हणजे मॅट, विजेरी फलक, प्रकाशझोत आणि ध्वनिवर्धक आणावयाचे, अशी समजूत रूढ झाली, तर मातीवर खेळणारे महाविद्यालय आपोआप मागासलेले ठरेल आणि तेथील खेळाडूही आपला खेळ कमी प्रतीचा मानू लागेल. वस्तुतः गेल्या सत्तर वर्षांतील अनुभव वेगळेच सांगतो. प्रेक्षकाचा खोळंबा मुख्यतः दूर केला तो नियमांनी, आणि त्यांतील तिसऱ्या चढाईसारखा नियम अमलात आणण्यास चुन्याच्या रेषा, एक जागरूक गुणलेखक आणि पंचाची स्मरणशक्ती एवढे पुरते. उलट सर्वांत महागड्या मांडणीने अमेरिकेत खोळंबा वाढविला आहे.

म्हणून स्पर्धांच्या आयोजकांनी कोणतीही सुधारणा स्वीकारण्यापूर्वी दोन प्रश्न विचारावेत. ह्या बदलामुळे निरर्थक वाट पाहण्याची किंमत संघाला मोजावी लागेल की प्रेक्षकाला? आणि हा बदल मातीच्या मैदानावर, दिवसाच्या उजेडात, खर्चावाचून अमलात येईल काय? पहिल्याचे उत्तर 'संघाला' आणि दुसऱ्याचे 'होय' असे येत असेल, तर ती सुधारणा प्रथम करावी. बाकीच्या सुधारणा सावकाश झाल्या तरी खेळाचे नुकसान होणार नाही.